ओळंबा आणि निळी रेघ

मी एक जुना ओळंबा आहे, आणि मित्रांनो, आधीच कबूल करतो, माझ्या जिवाला स्वस्थता म्हणून नाही. दोरीला टांगलेला लिंबाएवढा पितळी गोळा आणि खाली निमुळतं टोक, एवढंच माझं रूप. भिंत सरळ उभी आहे की नाही, हे मिस्त्री लोक माझ्यावरून पाहतात. पंख्याचा वारा लागला, कोणी दार लोटलं, रस्त्यावरून साकोलीची एसटी गेली, की मी डुलायला लागतो. थांबलो की माझी दोरी अशी उभी राहते की तिच्यात कोणाला खोट काढता येत नाही. बोलता मात्र मला येत नाही. या हिवाळ्यात सानगडीच्या एका मुलीचं माझ्या डोळ्यांदेखत नुकसान झालं. मला पहिल्या दिवसापासून कळत होतं आणि मी खिळ्यावर नुसता तळमळत राहिलो. ती हकिकत तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडायची नाही.

माझा जन्म भंडाऱ्याचा. तिथे टेकचंद नावाचे एक कारागीर पाणी भरायचे पितळी गुंड, गंगाळं आणि तांबे घडवायचे. उरलेल्या पितळेचे ते ओळंबे ओतायचे. माणूस मोठा तापट. माझ्या आधीचे तीन गोळे त्यांनी पुन्हा मुशीत टाकले, कारण टोक मधोमध आलं नव्हतं. माझ्यावर दोन दिवस कानस चालली. दुकानात माझ्या शेजारी चकचकीत गुंड बसायचे. गिऱ्हाइकं त्यांना टिचकी मारून आवाज ऐकायची, लग्नात कोणाला कोणता गुंड द्यायचा याच्या गप्पा करायची. ओळंब्याला कोण टिचकी मारतो? मी आपला कोपऱ्यात चुळबुळत होतो, की मला कोणीतरी कामाला लावा.

मला कामाला लावलं बाबुलाल मिस्त्रींनी. सानगडीचे, तेव्हा तेविशीतले, नुकतंच पहिलं स्वतंत्र काम मिळालेले. मला खिशात घालून ते एसटीनं गावी आले आणि दुसऱ्याच दिवशी सुताराकडून माझ्यासाठी शिसवाची एक ठोकळी करून घेतली. ही ठोकळी नीट समजून घ्या, कारण पुढचा सगळा घोळ तिच्यापायी झाला. ठोकळीच्या मधल्या भोकातून माझी दोरी जाते. मिस्त्री ठोकळी वरच्या विटेला टेकवतो आणि मला खाली सोडतो. ठोकळीची रुंदी बरोबर माझ्या पोटाएवढी असते. म्हणून खाली मी भिंतीला अलगद शिवलो, की भिंत सरळ समजायची. मी दूर राहिलो किंवा भिंतीला रेलून बसलो, तर भिंत कलली.

आम्ही दोघांनी तीस वर्षं काम केलं. सानगडीत घरं बांधली, विहाराची भिंत बांधली, शाळेचं कुंपण बांधलं. बाबुलालच्या भिंतीवरून पाणी सोडलं तर धार इकडची तिकडे होणार नाही, असं लोक म्हणायचे. ते ऐकून बाबुलालची छाती फुगायची, आणि खरं सांगायचं तर माझीही. फक्त एक खोड त्यांना लागत गेली. आपल्या डोळ्याची त्यांना फार फुशारकी वाटायला लागली. "माहा डोयाच ओळंबा आहे," असं ते चारचौघांत म्हणायचे. मला ते मुळीच आवडायचं नाही.

एके दिवशी कामावर चहा उकळत होता आणि सरपणाबरोबर माझी शिसवाची ठोकळी चुलीत गेली. बाबुलालनी दुपारच्या सुट्टीत बाभळीच्या तुकड्याची नवी ठोकळी तासली. मला हातात धरलं, अंगठ्याचं नख लावून माप घेतलं, डोळ्यानं अंदाज केला आणि म्हणाले, "झालं." झालं नव्हतं. नवी ठोकळी माझ्याहून दोन सूत, म्हणजे पाव इंच, रुंद होती. आता सरळ भिंतीपाशीसुद्धा मी सूतभर दूर लोंबकळायचो आणि बाबुलाल वरची वीट आत ओढून मला भिंतीला टेकवायचे. दर हातभर उंचीला सूतभर. सात फुटांवर गेलं, की भिंत बोटभर कललेली. डोळ्याला ते दिसत नाही, गिलाव्याखाली तर नाहीच नाही. माझा जीव मात्र प्रत्येक विटेला कासावीस व्हायचा. मी सरळ होतो, आणि तरी माझ्या साक्षीनं वाकडं काम होत होतं.

त्याच ठोकळीनं बाबुलालनी स्वतःचं घर बांधलं. रस्त्याकडच्या मोठ्या खोलीत मधोमध एक आडभिंत घातली. तिचं एक टोक मोकळं सोडलं, जायला-यायला वाट ठेवून. ते मोकळं टोक वर जाताना उजवीकडे बोटभर कललं आहे. मग बाबुलालचे गुडघे गेले, बाजारात लाल उजेडाची रेघ मारणारी यंत्रं आली आणि मी करणी-फावड्यांसोबत पोत्यात गेलो. पोत्यात वारा नसतो. तिथे मी अठरा वर्षं एकदाही डुललो नाही, आणि एकदाही शांत झोपलो नाही.

मला पोत्यातून बाहेर काढलं मनालीनं. ही बाबुलालची नात. नागपूरला फिजिओथेरपी शिकून आली. आठवड्यातले तीन दिवस साकोलीच्या एका दवाखान्यात जायची आणि उरलेले दिवस याच मोठ्या खोलीत लोकांच्या पाठी, माना, कंबरा पाहायची. माणसाची ठेवण ओळंब्यावर पाहतात, हे मला तेव्हा कळलं. छताच्या कडीला तिनं मला टांगलं. माणूस माझ्या दोरीपाशी उभा राहायचा आणि कान, खांदा, कंबर, गुडघा, घोटा एका ओळीत आहेत का, हे ती पाहायची. विटांच्या जागी माणसं आली, आणि ठोकळी लागतच नव्हती. मित्रांनो, ते माझे सोन्याचे दिवस होते. मी मनातल्या मनात मिरवत होतो.

पण पेशंट वाढले. मनाली एकटी, आणि गावं किती. दुसऱ्या वेळेला येईपर्यंत बाया व्यायाम विसरायच्या, नाहीतर उलटा करायच्या. तेव्हा एका संस्थेनं तिला एक टॅब दिला. त्यात कृत्रिम बुद्धिमत्तेचं ॲप होतं. माणसाचा पाठमोरा आणि बाजूचा फोटो काढला, की ॲप त्याच्या अंगावर तीसेक ठिपके ठेवायचं, कुठे किती झुकलं आहे ते सांगायचं आणि त्या माणसापुरता व्यायाम आखून त्याच्या मोबाइलवर पाठवायचं. रोज संध्याकाळी विचारायचं, आज दुखलं का? खाली तीन चेहरे. हसरा, गप्प आणि रडका. ज्याला जो लागू, त्यानं तो दाबायचा. त्यावरून पुढच्या आठवड्याचा व्यायाम वाढायचा किंवा कमी व्हायचा.

मला त्या टॅबचा राग आला, हे लपवत नाही. कालचं पोर आणि माझ्या जागेवर हक्क सांगतं. पण ते हुशार होतं, हेही मान्य करतो. शेजारच्या बायजाबाईसाठी त्यानं जे व्यायाम आखले, त्यात खाट, भिंत आणि अर्धी बादली पाणी एवढंच सामान होतं. तिच्या घरी दुसरं काय असणार, हे त्यानं विचारून घेतलं होतं. त्यानं आपणहून एकदाही खोटं सांगितलेलं नाही. त्याला दिलं ते खोटं होतं.

ते असं झालं. संस्थेचा अनुप नावाचा तरुण टॅब लावून द्यायला आला. ॲपनं पहिलीच अट घातली, की एक सरळ उभी रेषा दाखवा. सगळ्यांचं माप त्या रेषेवरून घेतलं जाईल.

अनुपनं माझ्याकडे पाहिलं. पंखा चालू होता आणि मी डुलत होतो.

"हा तर हलूनच राहिला, मॅडम," तो म्हणाला. "याची रेषा कशी घेऊ?"

"मंग त्या आडभितीची कोर घ्या ना," मनाली म्हणाली. "आबाजीनं बांधली आहे. आबाजीची भित म्हंजे ओळंब्यातच."

खुर्चीत बसलेले बाबुलाल इतके खूष झाले, की गुडघे विसरून उठले. निळ्या रंगाचा डबा मागवला. भिंतीच्या मोकळ्या टोकाला धरून त्यांनी स्वतःच्या हातानं वरपासून खालपर्यंत निळी रेघ ओढली. हात जरासुद्धा कापला नाही. अनुपनं टॅबच्या पडद्यावर रेघेच्या वर बोट ठेवलं, खाली बोट ठेवलं, आणि टॅबनं ती बोटभर कललेली रेघ जगातली सरळ रेषा म्हणून लिहून घेतली. मला कडीवरून काढून दाराजवळच्या खिळ्यावर लटकवलं. मी त्या दिवशी इतका डुललो, की मनाली म्हणाली, "वारा फारच आहे आज."

पुढचे तीन महिने जो कोणी त्या रेघेजवळ उभा राहिला, तो डावीकडे झुकलेला निघाला. शिक्षक झुकलेले, दुकानदार झुकलेला, बाया तर सगळ्याच झुकलेल्या. रेघ उजवीकडे कललेली, म्हणून सरळ माणूस डावीकडे कललेला दिसायचा, एवढी साधी गोष्ट. पण मनालीला त्याचं कारण भलतंच सापडलं. आमच्याकडे भाताच्या रोवणीला बाया चिखलात वाकतात आणि पऱ्ह्यांची, म्हणजे भाताच्या रोपांची, पेंडी डाव्या हातात धरून उजव्या हातानं रोवतात. सगळं ओझं डाव्या अंगाला. "मंग डावीकडे झुकतीलच ना आबाजी," ती म्हणाली, आणि बाबुलालना ते लगेच पटलं. मनालीनं हे संस्थेला लिहून पाठवलं. तिथून शाबासकी आली, की या भागातल्या बायांची ही मोलाची माहिती आहे. दुकानदारानं तर जन्मात रोवणी केली नव्हती. ते कोणाच्या लक्षात आलं नाही.

आणि या तीन महिन्यांतला पहिला महिना संपता संपता खुशबू आली.

खुशबू म्हणजे मंदाबाईची मुलगी. वीस वर्षांची, पोलीस भरतीची तयारी करणारी. रोज पहाटे गावाबाहेरच्या रस्त्यावर आठशे मीटर पळायची. भरतीत आधी मैदानी चाचणी असते. पळणं आणि गोळाफेक यांचे गुण मिळून जी यादी लागते, तिच्यात नाव आलं तरच लेखी परीक्षेला बसता येतं. मैदानावर कोणीतरी तिला सहज म्हणालं होतं, की तुझा एक खांदा खाली दिसतो. बस, पोरीच्या डोक्यात किडा शिरला.

"ताई, मेडिकलमंदी खांदे पाहतेत म्हणतेत," ती म्हणाली. "मी वाकडी असली तर काढून टाकतील का मले?"

"पाहू ना आधी," मनाली म्हणाली आणि तिला रेघेजवळ उभं केलं.

ती उभी राहिली, मित्रांनो, आणि मी दारातून पाहिलं. टाचेपासून मानेपर्यंत सरळ पोरगी. माझी दोरी तिच्या पाठीवर सोडली असती, तर दोन्हीकडे सारखीच राहिली असती. टॅबनं ठिपके ठेवले. डावा खांदा खाली, डोकं मधल्या रेषेपासून दीड सेंटीमीटर डावीकडे. मंदाबाईनं सोबत येऊन ते पडद्यावर पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला.

"म्हंजे वाकडीच हाये का माही पोरगी?"

"थोडीशी. व्यायामानं होते बरोबर, काकू. अडीच महिने आहेत अजून."

टॅबनं फक्त उजव्या अंगाचा व्यायाम आखला. उजव्या कुशीवर अंग उचलून धरायचं, उजव्या पायावर उभं राहायचं, कुशीवर पडून उजवा पाय वर न्यायचा. दर आठवड्याला वाढ. दुसरी कोणी असती तर दोन दिवस करून सोडून दिलं असतं. ही पडली पोलीस होणारी. एक दिवस चुकवला नाही. आणि घरी मंदाबाईच्या तोंडी एकच वाक्य बसलं, "खांदा वर घे, नीट उभी राय." भाकरी थापताना, पाणी भरताना, पाहुण्यांसमोरसुद्धा. हे खुशबूनं मनालीला हसत हसत सांगितलं. तिला हसू येत नव्हतं, हे मला दारातून दिसत होतं.

पाचव्या आठवड्यात तिचा उजवा खुबा दुखायला लागला. तिनं ते कोणाला सांगितलं नाही. टॅब रोज विचारायचा आणि ती रोज हसरा चेहरा दाबायची. का, ते एकदा तिच्या मैत्रिणीला, गुड्डीला, ती माझ्याच खिळ्याखाली उभी राहून कुजबुजत म्हणाली.

"रडका दाबला तं तो कागद पोलीसवाल्याइपाशी जाईन. दुखते म्हणून लेखी राहीन ना मंग."

तो कागद कुठे जाणार नव्हता. पण तिला कोण सांगणार? ॲपला वाटलं, पोरगी मजेत आहे. त्यानं व्यायाम वाढवला. मी खिळ्यावर अक्षरशः भिंतीला टोक आपटत होतो. टक, टक. मनाली एकदा उठून आली आणि दार लावून गेली.

ती लंगडायला लागली तेव्हा मनालीनं विचारलं, "पाय दुखून राहिला का?"

"नाही ताई. बूट चावून राहिला."

मनालीनं टॅब उघडून पाहिलं. चाळीस हसरे चेहरे एका रांगेत. तिनं मान डोलावली. तिचंही मला नवल वाटतं. समोर लंगडणारं माणूस उभं असताना तिनं पडद्यावरचे चेहरे खरे मानले. पण तिला रोज पंधरा-वीस माणसं पाहायची असत, हेही मी पाहत होतो. रागावू तरी कोणाकोणावर?

चाचणीला बारा दिवस उरले होते तेव्हा बायजाबाई दुसऱ्यांदा फोटोला आली. साठीची, फटकळ, बाबुलालच्या शेजारची. "जयभीम, मिस्त्री," म्हणत आत शिरली. फोटो झाला. टॅबनं पुन्हा तेच सांगितलं, डावीकडे झुकाव, दीड सेंटीमीटर. तीन महिने व्यायाम करून तसूभरही फरक नाही.

"पेंडी डाव्या हातात धरता ना मावशी, त्याच्यानं होते ते," मनाली समजावून सांगू लागली.

बायजाबाईनं कमरेवर हात ठेवले.

"कोण धरते डाव्या हातात? मी डावखुरी हावो बाई. जलमभर पेंडी उजव्या हातात धरली मी. माह्या बाजूले रोवणीले कोणी लागत नसे, हाताले हात लागे म्हणून. विचार तुह्या आबाजीले."

मग ही डावीकडे कशी झुकेल, म्हणून मनाली पुन्हा पडद्याकडे वळली. बाबुलाल खुर्चीत बसले होते. त्यांनी आधी बायजाबाईकडे पाहिलं, मग निळ्या रेघेकडे. मग काठी टेकत उठले आणि दाराकडे आले. माझ्याकडे.

अठरा वर्षांनी त्या माणसानं मला हातात घेतलं. तळहात मऊ पडला होता, पण पकड तीच. मनालीला त्यांनी स्टूलवर चढवलं आणि माझी दोरी रेघेच्या वरच्या टोकाला, अगदी रेघेवर, धरायला सांगितली. "पंखा बंद कर," बायजाबाईला म्हणाले. मी सुटलो. त्या क्षणाची मी किती वर्षं वाट पाहिली होती, आणि आता मला थांबावंसं वाटेना. कारण मी थांबलो की त्या म्हाताऱ्याचं काय होईल, ते मला दिसत होतं. पण ओळंब्याला थांबावंच लागतं. मी थांबलो. वर दोरी रेघेवर होती आणि खाली रेघ माझ्यापासून बोटभर दूर डावीकडे होती.

बाबुलालनी वाकून आपलं बोट त्या फटीत ठेवलं. बरोबर बसलं. मग त्यांनी पोतं मागवलं, बाभळीची ठोकळी काढली आणि माझ्या पोटाला लावून पाहिली. दोन्ही बाजूंनी ती बाहेर आली. ते जमिनीवरच बसले.

"आबाजी, असू शकते जमीन धसली असेल," मनाली म्हणाली.

"जमीन नाही धसली," बाबुलाल म्हणाले. "माप डोयानं घेतलं मी. पोरगी सरळ आहे, बाई. भित वाकडी आहे. भित माही आहे."

त्याच दुपारी मनाली खुशबूच्या घरी गेली आणि तिला मोटरसायकलवर बसवून घेऊन आली. खुब्याला हात लावताच पोरगी कळवळली. तेव्हा हसऱ्या चेहऱ्यांचं खरं बाहेर आलं. मनालीनं व्यायाम बंद केला, पळणं बंद केलं, बर्फानं शेकायला लावलं. अनुपला फोन करून सगळं सांगितलं. मला कडीला टांगून, पंखा बंद करून, माझ्या दोरीवर धरून नवी रेघ ओढली. जुने फोटो टॅबनं नव्या रेघेवर पुन्हा तपासले. एकशे तेवीस माणसांपैकी चौघंच खरोखर झुकलेली निघाली. त्या चौघांत खुशबू नव्हती.

बारा दिवसांत दुखणारा खुबा किती बरा होणार? चाचणीच्या दिवशी ती गेली आणि पळाली. आठशे मीटर तिनं पुरे केले. शेवटच्या वळणावर पाय ओढत होता, असं गुड्डीनं येऊन सांगितलं. यादी लागली तेव्हा तिचं नाव एका गुणानं राहिलं होतं.

चार दिवसांनी ती आईसोबत आली. खोलीत मनाली होती, बाबुलाल होते आणि मी होतो. मनालीनं खुर्ची पुढे केली. खुशबू बसली नाही.

"चूक माही आहे, खुशबू," मनाली म्हणाली. "तुले काय सांगू, मले समजून नाही राहिलं."

"भरती पुन्हा निघन, ताई," खुशबू म्हणाली. "त्याचं मी पाहीन. तुम्ही मले फक्त लिहून द्या."

"काय लिहून देऊ?"

"मी सरळ आहे म्हणून. घरी अडीच महिने सारे मले वाकडी म्हणून राहिले. मलेबी तसंच वाटे. आरशात पाहो तं वाकडीच दिसो. सही-शिक्क्याचा कागद द्या मले."

मंदाबाई पदर तोंडाशी धरून दाराकडे पाहत होती. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ते पुसायचंही तिला सुचत नव्हतं.

मनालीनं आपल्या नावाचा कागद घेतला आणि लिहिलं. खुशबूच्या शरीराच्या ठेवणीत कोणताही दोष नाही. आधीचा अहवाल चुकीच्या रेषेवरून झाला होता. खाली सही केली, शिक्का मारला. कागद देणार तोच बाबुलालनी हात पुढे केला.

"पेन दे इकडे."

त्यांनी कागद मांडीवर ठेवला. मनालीच्या सहीखाली त्यांनी मोठ्या, वेड्यावाकड्या अक्षरांत लिहिलं, "भिंत मी बांधली होती. ती वाकडी आहे." आणि खाली पूर्ण नाव घातलं. पन्नास वर्षं ज्या नावाची वाहवा ऐकली, ते नाव. खुशबूनं तो कागद उभ्यानं दोनदा वाचला, भरतीच्या कागदांच्या फाइलमध्ये सगळ्यात वर ठेवला आणि आईला म्हणाली, "चाल."

मंदाबाई मात्र हलली नाही. तिनं मुलीच्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवले, दोन्ही हातांनी सारखेच, आणि तशीच उभी राहिली. खुशबूनं त्या दिवशी पहिल्यांदा खांदे सैल सोडले.

मित्रांनो, मी आता पुन्हा कडीला टांगलेला आहे. टॅब आणि मी एकाच खोलीत काम करतो, आमचं बरं चाललं आहे. पण जिवाला स्वस्थता अजून नाही. बाभळीच्या ठोकळीनं बांधलेली सानगडीत आणखी अकरा घरं आहेत. त्या भिंतींना पाठ लावून मुलं आपली उंची मोजतात, आणि त्या भिंतींकडे पाहून मोठी माणसं आपल्या मुलांना सांगतात, नीट उभा राहा. म्हणून तुमच्याकडे एक मागणं आहे. यंत्रानं, माणसानं, कोणीही तुम्हाला वाकडं म्हटलं, तर मान खाली घालण्याआधी विचारा, की कशावरून मापलं? आणि दुखत असेल, तर विचारणाऱ्याला दुखतं म्हणून सांगा, मग तो माणूस असो की मोबाइल. खुशबूला हे कोणी वेळेवर सांगितलं नाही. मला सांगता आलं नाही.

बाबुलाल आता रोज सकाळी काठी घेऊन निघतात. पेशंट यायच्या आधी तेवढा वेळ मी कडीवरून उतरून त्यांच्या खिशात असतो. आपण बांधलेली भिंत वाकडी आहे, हे सांगायला त्या अकरा घरांची दारं ते एकेक करून वाजवत आहेत. आज चौथं घर आहे.